वाट आहे, पण पाणी येतं का?

भूकंपानंतर शहराचं पाणीपुरवठ्याचं जाळं किती टिकेल, यावरचे पेपर वाचताना आधी एक बघा: लेखक ‘विश्वासार्हता’ नेमकं कशाला म्हणतोय?

नेहमीची पद्धत अशी. जमिनीच्या कंपनवेगावरून दर किलोमीटरला किती दुरुस्त्या लागतील ते काढायचं, त्यावरून पाईप तुटण्याची शक्यता ठरवायची. मग मॉन्टे कार्लोने हजारो वेळा पाईप तोडून पाहायचं: टाकीपासून वस्तीपर्यंत वाट उरली का? गणित सुटसुटीत आहे, मोठ्या जाळ्यालाही झेपतं. हा त्याचा खरा गुण.

पण घरात पाणी येतं ते दाबाने. अमेरिकेच्या हॅझस पद्धतीत नुसत्या हादऱ्याने झालेल्या बिघाडांपैकी 80 टक्के गळती आणि 20 टक्के तूट धरतात. फक्त वाट मोजली, तर ती 80 टक्के गळती हिशोबातच येत नाही. 1995 साली कोबेमध्ये फुटक्या पाईपांतून साठा वाहून गेला, आणि आगी लागल्या तेव्हा हायड्रंट कोरडे होते.

म्हणून ‘विश्वासार्हता 0.9’ वाचलंत की विचारा: दाब मोजलाय का? पंपाची वीज धरलीय का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच आहे.