बंद खोलीचे आकर्षण : कुमारवाचक आणि मराठी गूढकथा

ग्रंथालयातील एखादे पुस्तक किती वाचले गेले आहे हे नोंदवहीपेक्षा त्याच्या बांधणीवरून लवकर कळते. हातकणंगले परिसरातील विद्यार्थ्यांना वाङ्मय शिकविताना प्रस्तुत लेखकाने जी पुस्तके कायम सुट्या पानांची पाहिली, त्यांत नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांची पुस्तके अग्रभागी होती. ही पुस्तके अभ्यासक्रमात क्वचितच असतात. ती वाचणारे विद्यार्थीही त्यांचा उल्लेख काहीशा संकोचानेच करतात. वर्गात ज्याविषयी बोलण्याची चोरी वाटते तेच साहित्य सोळा-सतरा वर्षांचे वाचक रात्री जागून का वाचतात, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

'भीतीची मौज वाटते म्हणून' हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. केवळ भीती हवी असती, तर चित्रपट ती अधिक स्वस्तात देतो. या कथांची मूळ घडण पाहिली तर एक गोष्ट वारंवार आढळते. घरात काहीतरी बिघडले आहे हे सर्वांत लहान किंवा सर्वांत दुबळ्या माणसाला प्रथम जाणवते. ते माणूस तसे सांगते. वडीलधारी मंडळी ते हसण्यावारी नेतात, कधी दटावतात. पुढे कथा त्या दुबळ्या माणसालाच खरे ठरविते. कुमारवयातील वाचकाला ओढणारे मर्म भुतापेक्षा या खरे ठरण्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाश्चात्त्य परंपरेत हे सूत्र प्रारंभापासून दिसते. होरेस वॉलपोल यांच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (1764) या कादंबरीतील इझाबेला राजवाड्याच्या तळघरातून पळते ती भुतापासून नव्हे. तिच्याशी बळेच विवाह करू पाहणाऱ्या, सासरा होऊ घातलेल्या पुरुषापासून. जेन ऑस्टिन यांनी 'नॉर्थॅंगर ॲबी'मध्ये अशा कादंबऱ्यांच्या तरुण वाचिकेची थट्टा केली हे सर्वश्रुत आहे. जनरल टिल्नी याने पत्नीचा जीव घेतला असावा हा कॅथरीनचा संशय तेथे खोटा ठरतो. मात्र ती आपण समजलो तितकी श्रीमंत नाही हे कळताच तोच जनरल तिला एकाएकी घराबाहेर काढतो. खून झाला नव्हता, पण माणूस ओळखण्यात ती चुकली नव्हती. थट्टा करणाऱ्या लेखिकेनेही एवढे तिच्या पदरात टाकले आहे.

मराठीत या साहित्याचा प्रवाह निराळ्या वाटेने आला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (1868) या आरंभीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्य होत्या. संकटात सापडलेली नायिका आणि प्रीती यांची सांगड त्यांत होती. हरिभाऊ आपटे यांच्यानंतर वास्तवदर्शन हीच कादंबरीची प्रतिष्ठा ठरली आणि अद्भुताची रवानगी खालच्या फळीवर झाली. कुमारवाङ्मयानेही हाच मार्ग धरला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धाडसी आहे, चौकस आहे, परंतु त्याच्या जगात भुताला थारा नाही आणि प्रेमालाही नाही. बाराव्या वर्षी फास्टर फेणे हातावेगळा केलेल्या वाचकासाठी पुढची पायरी मराठीने बांधलीच नाही. धारप आणि मतकरी यांनी प्रौढांसाठी लिहिलेल्या कथा त्या रिकाम्या जागी आपोआप जाऊन बसल्या.

आता एका अडचणीचा विचार केला पाहिजे. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी 1970 मधील आपल्या ग्रंथात अद्भुत साहित्याचे मर्म वाचकाच्या संभ्रमात शोधले : जे घडले ते निसर्गनियमाने की नियमाबाहेर, हे ठरविता न येणे. हा संभ्रम निर्माण होण्यासाठी नियमाबाहेरचे जग दैनंदिन जगापासून तुटलेले असावे लागते. हातकणंगले तालुक्यात ते तितकेसे तुटलेले नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडेबाबांची भाकणूक होते आणि पाऊसपाण्याविषयी काय सांगितले गेले याची चर्चा गावोगाव होते. हेच गाव शंकर पाटील (1926–1994) यांचे जन्मगाव होय. ज्या परिसरात दैवी वाणी दरसालची असते, तेथील वाचकाला भुताचे नवल ते काय वाटावे?

धारपांचे यश येथेच शोधावे लागते. विज्ञान शाखेच्या या पदवीधराने भूत देवऋषाच्या ताब्यातून काढून घेतले. त्यांच्या कथांतील अमंगळ शक्ती बहुधा पिंपळावर राहत नाहीत, नारळ-लिंबू मागत नाहीत. त्या माणसाला अनोळखी अशा कोठल्या तरी मितीतून येतात आणि चाकरमान्याच्या साध्या खोलीत शिरतात. गावच्या श्रद्धेत या शक्तींना नावही नाही, विधीही नाही. त्यामुळे भाकणुकीला श्रद्धेने जाणारा विद्यार्थीही त्यांच्यापुढे निःशस्त्र होतो आणि संभ्रम पुन्हा शक्य होतो. धारपांवर परकीय लेखकांचे ऋण मोठे आहे. 'लुचाई' स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' (1975) या कादंबरीवर बेतलेली आहे, हे चाहत्यांनाही ठाऊक असते. परंतु हे ऋण दाखविले म्हणजे येथील वाचक त्यात काय शोधतो याचे उत्तर मिळाले, असे समजण्याची घाई आपल्या समीक्षेने केली आहे.

धारपांचा 'समर्थ' दारी आलेल्या माणसाचे म्हणणे प्रथम ऐकून घेतो. वैद्य आणि नातेवाईक ज्याला भ्रम म्हणतात त्याला तो भ्रम म्हणत नाही. कुमारवाचकाला समर्थ प्रिय वाटतो तो त्याच्या सामर्थ्यापेक्षा या ऐकण्यामुळे. मात्र निवारण सर्वस्वी त्याच्या हाती राहते. पीडित तरुण किंवा तरुणी वाचते, परंतु स्वतः काही सोडवीत नाही. ही या मालिकेची मर्यादा म्हणावी लागेल. याउलट राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (2018) या चित्रपटाच्या पहिल्या भागात आई जखमी मुलाला घेऊन जाते आणि साखळदंडातील आजीबरोबर विनायक एकटा मागे उरतो. या चित्रपटामागे धारपांची एक कथा होती असे बर्वे यांनी सांगितले आहे. मोठे माणूस घराबाहेर जाणे आणि बंद खोलीचा प्रश्न मुलावर येऊन पडणे, हा प्रसंग आपल्या परंपरेत इतक्या ठसठशीतपणे क्वचितच आला आहे. मतकरींची वाट आणखी वेगळी. त्यांच्या गूढकथेत भयाचे बीज बाहेरून न येता घरातील माणसांच्या मनातच रुजलेले असते.

प्रीतीच्या बाबतीत मात्र उणीव स्पष्ट दिसते. स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' (2005) या कादंबरीतील बेला आपल्या रक्तपिपासू प्रियकराचे खरे रूप जाणून त्याची निवड करते. ती निवड शहाणपणाची आहे का, हा वाद रास्त आहे. तरी निवड तिची आहे. आपल्याकडील लोकसमजुतीत अलौकिक प्रीतीचे मूळ निवडीत नसून अतृप्तीत असते. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' (2024) या हिंदी चित्रपटाने ही कोकणी समजूत देशभर नेली. त्यातील मुंज्याला मुन्नी हवी असते आणि पुढे त्याची वासना बेला नावाच्या तरुणीकडे वळते. दोन्ही कथांतील नायिकांचे नाव एक असावे हा निव्वळ योगायोग. परंतु एक बेला निवडते आणि दुसरीची मागणी होते. आपल्या भूतकथेतील प्रीती ही बहुधा थकलेली वसुली असते.

असे साहित्य ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती दिल्याने अंधश्रद्धा वाढेल, हा आक्षेप या ठिकाणी हमखास घेतला जातो. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा ज्या राज्याने 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर केला, तेथे हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु बुवा आणि गूढकथा यांची कार्यपद्धती परस्परविरुद्ध आहे. बुवा संभ्रम मिटवितो. घरात काय बिघडले हे तो ठामपणे सांगतो आणि बहुतेक वेळा बोट सुनेकडे किंवा एखाद्या एकट्या म्हातारीकडे दाखवितो. गूढकथा संभ्रम लांबविते आणि तोवर वाचकाला प्रत्येकाकडे संशयाने पाहावयास लावते, सांगणाऱ्याकडेसुद्धा.

वर्गातील एका चर्चेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला या कथा का आवडतात असे विचारले होते. शेवटी सगळ्यांना त्या मुलीचे ऐकावे लागते, असे ती म्हणाली. थोडे थांबून तिने विचारले, "पण सर, ती खोली तिनं स्वतः उघडली आणि पुढंही तिनंच निस्तरलं, असं मराठीत काही आहे का?" त्या वेळी तिला देण्यासाठी प्रस्तुत लेखकाजवळ एकाही पुस्तकाचे नाव नव्हते.