आईच्या भेटीची पाने

ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी परमुलुखी गेलेल्या स्त्रीपुरुषांची चरित्रे इंग्रजीत विपुल आहेत, आणि त्यांत निरोपाच्या प्रसंगांना तोटा नाही. हॅरिएट न्यूएल ही अमेरिकन तरुणी १८१२ साली पतीबरोबर हिंदुस्थानास निघाली व त्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशस बेटावर वारली. तिची पत्रे व रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने निघाली आणि पुष्कळ वाचली गेली. (तिचा पती सॅम्युएल न्यूएल नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनात येऊन राहिला, तेव्हा हे नाव आपणांस अगदीच परके नव्हे.) शिडाच्या जहाजास महिनेच्या महिने लागत त्या काळी आईने लेकीला भेटून यावे हे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. निरोप तो कायमचाच. साहजिकच निरोपाचे वर्णन करण्याची एक ठरीव रीत ह्या वाङ्मयात रूढ झाली. पुढे सुएझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, आणि आया खरोखरच लेकींच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या. त्या भेटीचे काय करावे, हे मात्र ह्या लेखकांना फारसे उमगलेले दिसत नाही.

ह्याचे बोलके उदाहरण म्हणजे एमी कारमायकेल. ही आयर्लंडातील बाई १८९५ साली दक्षिण हिंदुस्थानात आली, आणि १९५१ साली मृत्यू येईपर्यंत एकदाही मायदेशी परतली नाही. तिरुनेलवेलीकडील दोहनावूर येथे, देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींसाठी तिने घर उभारले. तिची आई विधवा. सात मुलांत एमी थोरली. १८९२ साली लेकीने पत्र लिहून परदेशी जाण्याची अनुज्ञा मागितली, ती ह्या माउलीने दिली होती. तीच आई १९०४ साली दोहनावूरला आली व वर्षाहून अधिक काळ तेथे राहिली.

काय पाहिले असेल तिने! पोटची पोर साडी नेसून उन्हात वावरते आहे, आणि पाचपन्नास परकी लेकरे तिला ‘अम्मा’ म्हणून हाका मारीत आहेत. १९०५ च्या जानेवारीत इंद्रनीला नावाची एक तान्ही मुलगी ह्याच घरात दगावली, तेव्हाही ही आजी तेथेच होती. त्या रात्री मायलेकी एकमेकींशी काय बोलल्या असतील? तीसांवर पुस्तके लिहिणारी, तान्ह्या मुलांच्या बाललीलांवर ‘लोटस बड्स’सारखे चित्रमय पुस्तक रचणारी ही लेखिका स्वतःच्या आईविषयी मात्र हात फार आखडता घेते.

ह्यावर कोणी म्हणेल, हा विनय होय. बाईंना स्वतःचे छायाचित्रही छापलेले खपत नसे. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. कारण त्याच अंगणात दुसऱ्याही आईबापांची ये-जा होती, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ह्या लेखणीस कसलाच संकोच होत नाही. ‘प्लाउड अंडर’ ह्या १९३४ च्या पुस्तकात अरुळाई नावाच्या तामिळ मुलीची कथा आहे. ती देवळाला वाहिलेली नव्हती. चांगल्या नांदत्या घरातली, आपल्या मनाने ह्या बायांकडे ओढली गेलेली. तिचे वडील तिला परत न्यावयास आले आणि रिकाम्या हातांनी गेले. लेखिकेच्या मते त्यांना देवाने आवरले. बापाच्या मनात काय कालवले असेल हा प्रश्न त्या कथेत दुय्यम ठरतो. तो तेथे येतो तो केवळ एक विघ्न म्हणून.

देवळातील मुलींच्या बाबतीत एमीबाईंची बाजू बळकट होती, ह्याविषयी दुमत नसावे. ती चाल बंद करणारा कायदा मद्रास इलाख्यात १९४७ साली व्हावा लागला. अरुळाईच्या बापाला हे उत्तर लागू पडत नाही. आमच्या समजुतीने आईच्या भेटीवरील मौनाचे मूळ येथेच आहे. मातापित्यांपेक्षा आपल्यावर अधिक प्रीती करावी, ही ख्रिस्ताची मागणी एमीने स्वतःपुरती पाळली आणि अरुळाईकडूनही पाळून घेतली. आयरिश आईचे दुःख मोकळेपणाने लिहिले असते, तर तामिळ बापाचे दुःखही त्याच तराजूत घालावे लागले असते.

आमच्या लक्ष्मीबाई टिळकांना हा तराजू धरता आला. ‘स्मृतिचित्रां’त टिळकांची श्रद्धा खरी वाटते आणि त्यांच्या धर्मांतराने माणसांत उडालेला हाहाकारही खरा वाटतो, शिवाय बाई मधूनच हसवतात, ते निराळेच. दोहनावूरच्या पुस्तकांत असे हसू क्वचित भेटते.

चरित्रकारांपैकी बिशप हाउटन (१९५३) भक्तिभावाने लिहितात व भक्तांसाठीच लिहितात. एलिझाबेथ एलियट (१९८७) ही अधिक निर्भीड. ती स्वतः इक्वाडोरमध्ये मिशनरी होती, १९५६ साली पती मारला गेल्यावरही लहान मुलीला घेऊन तेथेच राहिली. आई १९१३ साली वारली. त्या वेळी लेक दोहनावूरलाच होती. एमीबाईंचा परिचय करून घ्यावयाचा असेल त्यांनी एलियटचे पुस्तक घ्यावे, आणि ‘प्लाउड अंडर’ त्याच्या शेजारी उघडे ठेवावे.