सप्तपदी आणि छायाचित्रकार

काकतीच्या लग्नघरी छायाचित्रकार ठरविताना बोलणे होते ते बहुधा चित्रांच्या संख्येचे आणि मोबदल्याचे, विधींचे क्वचितच. वस्तुतः १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदी हा आवश्यक विधी आहे तेथे सातव्या पावलानेच विवाह पूर्ण होतो. त्याच पावली वधूवरांस थांबवून कॅमेऱ्याकडे पाहावयास लावणे म्हणजे साक्षीदाराने यजमान होणे होय. असे चित्र सुबक दिसते, पण ते खरे नव्हे. अंतरपाट दूर होताच मुखावर उमटलेला संकोच सांगून पुन्हा आणता येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, निराळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क ते काढवून घेणाराचा असतो. हक्क ज्याचा, त्यानेच विधीची मर्यादाही आधी ठरवून द्यावयास नको काय?