मैत्री, वितुष्ट आणि इतिहासकार

थोर पुरुषांच्या भांडणांविषयीं लिहिणें आपल्याकडे दोन प्रकारांनीं चालतें. एक प्रकार भक्ताचा. त्यास भांडण दिसतच नाहीं, आणि दिसलें तरी दोष सर्वस्वीं दुसऱ्या पक्षाचा. दुसरा वकिलाचा, तो निकाल आधीं ठरवितो व पुरावा मागाहून धुंडाळतो. डॉ. य. दि. फडके (१९३१–२००८) यांनीं या दोन्ही वाटा टाळल्या. भंडारा जिल्ह्यांतील बपेऱ्यास सुटीच्या दिवसांत त्यांचे ग्रंथ पुन्हा वाचीत असतां या संयमाचें मोल आम्हांस विशेष जाणवलें.

‘शोध बाळगोपाळांचा’ या ग्रंथांतील बाळ म्हणजे टिळक व गोपाळ म्हणजे आगरकर. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस एकत्र काढलेले हे दोन मित्र. पण १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला, १८८८ सालीं ‘सुधारक’ निघाला आणि १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. या वितुष्टाचें कारण सामाजिक सुधारणेचा मतभेद, एवढेंच आम्ही लहानपणीं शिकलों. वस्तुतः आजीव सभासदांनीं बाहेरचीं कामें पत्करावीं कीं नाहींत, त्यागाची मर्यादा कोणती, गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घ्यावें काय, असे संस्थेच्या कारभाराचे प्रश्नही त्यांत गुंतले होते. तत्त्व आणि व्यवहार यांची ही गुंतागुंत उलगडण्यास ज्या जातीचा धीर लागतो, तो फडके यांच्यापाशीं होता. कोणाही एकाची मूर्ति फोडून दुसऱ्याची उभारण्याची हौस त्यांस नव्हती.

केशवराव जेधे यांच्या चरित्राचा विषयही असाच अवघड. १९२५ सालीं पुणें नगरपालिकेंत जोतीरावांच्या पुतळ्याचा प्रश्न लढविणारे ब्राह्मणेतर पुढारी पुढें काकासाहेब गाडगीळांच्या जोडीनें काँग्रेसचें काम करूं लागले; १९४८ सालीं ती सोडून त्यांनीं शेतकरी कामगार पक्ष उभारला, आणि १९५४ सालीं ते पुन्हा काँग्रेसमध्यें परतले. यास पक्षांतर म्हणून नाक मुरडणें सोपें. प्रत्येक वळणावर त्या मनुष्यापुढें कोणते मार्ग मोकळे होते, हें पाहणें कठीण. तें कठीण काम हीच चरित्रकाराची कसोटी होय.

दोष मात्र सांगितलाच पाहिजे. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या खंडमालेंत तपशिलाची इतकी दाटी आहे कीं वाचक कित्येकदां वाट चुकतो. कागद पुढें ठेवून ग्रंथकार बाजूला होतो. नेमक्या त्याच ठिकाणीं त्याचें स्वतःचें मत ऐकण्यास आम्ही उत्सुक असतों. पुराव्याचा आदर हा निर्णय टाळण्याचा परवाना होऊं नये.

तरीही या पद्धतीची गरज आमच्या जिल्ह्यास थोडी नाहीं. १९५४ सालच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांची युति होती. मतदारसंघ दोन जागांचा, मतदारास मतें दोन. मेहता निवडून आले; राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. मित्रपक्षाचीं मतें मित्रास कितपत मिळालीं? हा प्रश्न निघतांच आपण जातीवर, पक्षावर अथवा गांवावर बोट ठेवून मोकळे होतों. आंकडे कोणी मांडावेत, पत्रें कोणी चाळावींत? पराभव मोठ्या मनुष्याचा असला म्हणजे त्याचें उत्तर अंदाजानें देणें हा त्याच्यावर दुसरा अन्याय होतो.

म्हणून तरुण वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, पूज्य पुरुषांच्या तसबिरी घरांत अवश्य असाव्यात. पण त्यांच्या शेजारीं फडके यांचे ग्रंथही असावेत. तीं माणसें एकमेकांशीं भांडलीं, हें कळल्यानें आमचा त्यांच्याविषयींचा आदर उणावला नाहीं. उलट, तो आतां अधिक डोळस झाला आहे.