मांडवातले अस्थानी सूर

लग्नात चुकू नयेत अशा गोष्टींची यादी आपल्याकडे फार मोठी आहे. मुहूर्त चुकू नये, विहिणीचा मान चुकू नये, पत्रिकेतील नावांचा क्रम तर मुळीच चुकू नये. जिलबीचा पाक किती तारी असावा यावर घरात दोन-दोन बैठका होतात. परंतु संध्याकाळच्या स्वागतसमारंभात कोणती गाणी वाजावीत, हा विचार बहुधा शेवटच्या घटकेला एखाद्या हौशी भाच्याच्या गळ्यात पडतो. भाचा बिचारा चाल पाहतो, गोडवा पाहतो आणि मोबाईलवर यादी तयार करतो. मग वधूवर सिंहासनावर बसतात, आहेर घेऊन मंडळी रांगेत उभी राहतात, आणि ध्वनिक्षेपकातून ताटातुटीचे सूर मोठ्या प्रेमाने पाझरू लागतात.

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. गाणे ऐकले की ते कोणत्या गोष्टीत, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी आले, हे आठवल्यावाचून मला राहवत नाही. हा गुण म्हणा की खोड म्हणा. पण तिच्यामुळे स्वागतसमारंभातील पुष्कळ गाणी मला अस्थानी वाटतात. आपल्या घरच्या एका गाण्यापासूनच सुरुवात करू. ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ हे मंगेश पाडगांवकरांचे गीत. चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दात्यांचा. राजा आहे, राणी आहे, समोर नटूनथटून बसलेले जोडपेही आहे. तेव्हा निवड करणाऱ्याला वाटते, जमले! पण हे गाणे आहे मोडलेल्या डावाचे. त्यातली कहाणी निम्म्यावर संपते. गंमत अशी की, याच तिघांनी ‘दिवस तुझे हे फुलायचे’ हे गाणेही दिले आहे. नव्या नवरीला याहून प्रसन्न शब्द कोणते मिळणार? एकाच दुकानात शेला आणि साधी पंचा दोन्ही मिळत असताना आपण चौकशी न करता हाताला येईल ते उचलतो, त्यातलाच हा प्रकार.

‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ हे सुरेश भटांचे गीत घ्या. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा स्वर यांनी ते अजरामर केले. ते जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ या 1982 च्या चित्रपटातले. स्मिता पाटीलने उभी केलेली त्यातली नायिका कामासाठी घराचा उंबरठा ओलांडते. पुढे नवरा दुसऱ्या स्त्रीकडे वळतो, आणि सारे कळल्यावर ती पुन्हा घराबाहेर पडते. चित्रपट थोर, गाणेही थोर. पण चारशे पाने उठत असलेल्या कार्यालयात बासरीवाल्याने सुन्या मैफिलीचा सूर धरावा, याला काय म्हणावे?

हिंदी गाण्यांत तर हा घोटाळा अधिक. ‘अजीब दास्ताँ है ये’ ही चाल ऐकली की पाय आपोआप ठेका धरतात. 1960 च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’ या चित्रपटात ते गाणे खरोखरच लग्नाच्या मेजवानीत येते. मात्र गाणारी मीनाकुमारी ही वधू नव्हे. ज्या डॉक्टरवर तिचा जीव आहे, त्याचे दुसरीशी लग्न झाले आहे आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ जमलेल्या मंडळींसमोर तिला हसतमुखाने गावे लागते आहे. आपल्या समारंभातही रांगेत एखादी अशी मीनाकुमारी उभी नसेलच, याची खात्री कोण देणार?

‘कभी कभी’चे तसेच. 1976 च्या त्या चित्रपटात पूजेचे प्रेम अमित या कवीवर असते आणि लग्न होते विजयशी. लग्नाच्या पहिल्या रात्री, नवरा जवळ असताना, ती जे गाते ते त्या पहिल्या प्रियकराचे काव्य! शब्द साहिर लुधियानवींचे. ‘तल्ख़ियाँ’ या त्यांच्या संग्रहातील मूळ कविता तर याहून कडू आहे. आणि आपण हे गाणे वधूवरांनी एकमेकांना केकचा घास भरवताना लावतो.

स्वतः जन्मभर अविवाहित राहिलेल्या या साहिरची आणखी दोन गाणी आपल्या मांडवात ठाण मांडून बसली आहेत. दोहोंना संगीत रवी यांचे, आणि दोन्ही पडद्यावर बलराज सहानींच्या तोंडी. ‘वक़्त’ (1965) मधले ‘ऐ मेरी ज़ोहरा जबीं’ लागले की वधूच्या आजोबांना ओढून नाचायला उभे करतात. कथेत त्या गाण्यापाठोपाठ भूकंप होतो आणि त्या सुखी घराची पांगापांग होते. तरीही या गाण्याला माझी हरकत नाही. कारण गाण्याच्या शब्दांत भूकंप नाही. त्यात म्हाताऱ्या होऊ लागलेल्या बायकोवरचे ताजे प्रेम आहे, आणि लग्नमांडवात ते ऐकवण्याजोगेच आहे. तेव्हा नुसती गोष्ट दुःखी म्हणून गाणे टाकावे असे माझे म्हणणे नाही. गोष्टीचे दुःख गाण्यात उतरले आहे की नाही, हे पाहावे.

दुसरे गाणे ‘नीलकमल’ (1968) मधले, ‘बाबुल की दुआएँ’. महंमद रफींच्या आवाजात बापाचा कंठ असा दाटला आहे की ऐकणाऱ्याचे डोळे भरल्यावाचून राहत नाहीत. पण त्या आशीर्वादाचा अर्थ पाहा. सासरी इतके सुख मिळो की माहेरची आठवणही न येवो, असा त्याचा भाव. बापाच्या मायेबद्दल शंका नाही. तथापि आठवणच नको म्हणणे म्हणजे दार हळूच लोटून घेणेही आहे. त्याच चित्रपटात त्या मुलीच्या वाट्याला सासरी संशय आणि छळ येतो. अशा वेळी माहेर आठवायचे नाही, तर काय आठवायचे? आज लेकीला पाठवताना बापाने म्हणावे ते याच्या नेमके उलटे : सुखात तर ये, पण दुःखात आधी ये.

कोणी म्हणेल, “गुरुजी, लग्नात रडूच नये की काय?” रडावे, अवश्य रडावे. जात्यावरच्या ओव्यांत माहेर तुटल्याचे दुःख बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले आहे. पी. सावळारामांचे ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या कां’ किंवा शान्ता शेळक्यांचे ‘अष्टविनायक’ (1979) मधले, वसंतराव देशपांड्यांनी गायिलेले ‘दाटून कंठ येतो’ ही गाणी पाठवणीच्या क्षणी लागली, तर ती त्या क्षणाची सोबतीण होतात. तीच गाणी पाहुणे आइस्क्रीम खात असताना लागली, की डोळ्यांतले पाणीही स्वस्त होते.

‘बाबुल मोरा’ ही भैरवी वाजिद अली शाहच्या नावावर आहे. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध घेतले आणि त्याला लखनौ सोडावे लागले. सैगलने ती 1938 च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये गायिली. तिच्यातली डोली नवरीचीही आहे आणि शेवटच्या प्रवासाचीही. सनईवर ती ऐकताना जाणत्याच्या अंगावर काटा येतो, तो या दुहेरी अर्थाने. तेव्हा ती वाजवणाऱ्याने स्थळकाळ पाहावा.

“एवढे शब्द ऐकतो कोण? लोक चाल ऐकतात,” हा नेहमीचा बचाव. यात तथ्य आहे. पाश्चात्त्य चर्चमधील लग्नांत वधू आत येताना जी धून वाजते, ती वॅग्नरच्या ‘लोहेन्ग्रिन’ या 1850 च्या संगीतिकेतली. त्या संगीतिकेतला संसार लग्नाच्या रात्रीच मोडतो, तरी धून मांगल्याची ठरली. पण ती बहुधा नुसत्या वाद्यावर वाजते. आपल्या भाषेतले शब्द कानांवर पडत असताना कान मिटता येत नाहीत. देवलांच्या ‘संगीत शारदा’ (1899) मधले जरठ वराची टर उडवणारे पद लग्नात लावण्याचे धैर्य कोणी करील असे वाटत नाही. कारण गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे शब्द आपल्याला बोचतात. फक्त गोष्ट विसरली की आपण निर्धास्त होतो.

म्हणून तुळशीचे लग्न लागून कार्यांची घाई सुरू होण्याआधी माझी एक विनंती. यादीतले प्रत्येक गाणे एकदा चाल बाजूला ठेवून वाचावे. ‘बहारो फूल बरसाओ’सारखी स्वागताची गाणी काही कमी नाहीत. आणि यादी एकदा नवरीला दाखवावी. समारंभातल्या बाकीच्या सर्वांना कंटाळा आला तर उठून जाता येते. त्या सिंहासनावरून तिला मात्र दोन-तीन तास उठता येत नाही. जे वाजेल ते तिला हसऱ्या चेहऱ्याने ऐकावेच लागते.