सुटींतलें गांव आणि गोठ्यांतला गोतावळा

आश्विनाचा दुसरा पंधरवडा लागला कीं शहरांतील मध्यमवर्गीय घरांतून सामानाची बांधाबांध सुरू होते. मुलांच्या सहामाही परीक्षा आटोपलेल्या असतात, पाऊस नुकताच गेलेला असतो, आणि गांवाकडचें घर, मग तें चुलत्याचें असो कीं मामाचें, चार दिवसांपुरतें सगळ्यांचें होतें. याच सुमारास दिवाळी अंकही बाहेर पडतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून ही प्रथा मराठी घरांत फराळाइतकीच रुळली आहे. या दोन गोष्टींची गांठ पडून आपल्या वाङ्मयांत एक लेखप्रकार तयार झाला. त्याला कोणी निराळें नांव दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं; सोयीसाठीं त्यास आपण ‘सुटींतलें गांव’ म्हणूं.

या लेखांचा सांचा वाचकांस तोंडपाठ असेल. मोटार वेशींत शिरतांच धूळ उडते व कुत्रीं भुंकतात. अंगणांत आजी किंवा काकू भाकरतुकडा ओवाळून टाकते. पहांटे गोठ्यांत धारेचा आवाज ऐकूं येतो, लेखक कांबळें गुंडाळून तेथें जाऊन उभा राहतो, वांसरूं त्याचा हात चाटतें, आणि त्या खरखरीत जिभेच्या स्पर्शासरशीं त्याला आपलें हरवलेलें बालपण सांपडतें. चौथ्या दिवशीं निघतांना गाय हंबरते. ती आपल्यासाठीं हंबरली अशी लेखकाची खात्री असते. तिची आंबोणाची वेळ झालेली होती, ही शक्यता त्याच्या मनांतही येत नाहीं.

हे लेख खोटे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. गांवीं जाणाऱ्याचा आनंद खराच असतो. आमचा आक्षेप निराळा आहे. या लेखांतील जनावराला कांहीं काम नसतें. तें सकाळीं दिसतें, संध्याकाळीं दिसतें, मधल्या वेळीं कोठें गेलें होतें याची चौकशी कोणी करीत नाहीं. वास्तविक दिवाळीचे दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या व त्याच्या बैलांच्याही ओढाताणीचे दिवस. कोंकणांत भाताची कापणी व झोडणी चाललेली, देशावर बाजरी खळ्यांत आलेली, तिकडे हरभऱ्यासाठीं रान तयार करावयाचें, पाभर धरावयाची. पूर्वीं मळणीला तिवड्याभोंवतीं बैल तासन् तास फिरत, आणि ज्या धान्यावरून ते चालत त्यांत त्यांनीं तोंड घालूं नये म्हणून त्यांच्या तोंडांस मुसकीं बांधलेलीं असत. आमच्या सुटींतल्या गांवांत घुंगुरमाळा पुष्कळ आहेत. मुसकें आम्हांस क्वचितच आढळलें.

सणाचीही तीच गोष्ट. वसुबारशीला सवत्स धेनूची पूजा होते एवढें सगळे लिहितात. त्या दिवशीं व्रत करणारी बाई दूधतूप वर्ज्य करते, गहूं-मूग खात नाहीं, आणि बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन राहते, याचा अर्थ काय असावा इकडे लक्ष जात नाहीं. निदान एक दिवस वांसराच्या वांट्याचें आपण घ्यावयाचें नाहीं, असा त्यांतील भाव आम्हांस दिसतो. म्हणजे वर्षाचे उरलेले दिवस आपण तें घेतों, ही कबुली त्या व्रतांत आहे. पूजा करणाऱ्या निरक्षर बाईला जें हिशेबाचें भान होतें, तें लेखणी धरणाऱ्याला नसावें, याचें नवल वाटतें.

या वृत्तीचें मूळ आम्हांस लघुनिबंधांत दिसतें. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ सालीं प्रसिद्ध झाल्या, अनंत काणेकरांचीं ‘पिकलीं पानें’ त्याच सुमाराचीं. या मंडळींनीं मराठी गद्याला खेळकरपणा दिला हें उपकार मानून सांगावेंसें वाटतें. परंतु त्यांच्यामागून आलेल्यांनीं एक गोष्ट फाजील मनावर घेतली. ती ही कीं, विषय कोणताही असो, लेखाच्या मध्यभागीं ‘मी’ बसला पाहिजे. छत्री, चष्मा, पायजमा यांच्या बाबतींत यानें कांहीं बिघडत नाहीं, कारण छत्रीला स्वतःचें आयुष्य नसतें. बैलाला असतें.

दुसऱ्याचे दोष दाखवितांना आपला झांकून ठेवणें बरें नव्हे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्हींही असाच एक लेख लिहिला होता, व तो छापूनही आला होता. आमच्या चुलतबंधूंच्या गोठ्यांतील सर्जा नांवाच्या बैलावर तो होता. त्यानें आम्हांस कसें ओळखलें, मान कशी पुढें केली, मुक्या प्राण्याचें इमान शहरी माणसाला कसें लाजवितें वगैरे सर्व त्यांत यथास्थित आलें होतें. पुढल्या दिवाळींत गेलों तेव्हां बंधूंनीं अंक जपून ठेवलेला होता. जेवणें झाल्यावर सुपारी कातरतां कातरतां ते म्हणाले, “दादा, लेख झकास उतरलाय. पण सर्जा आम्हीं तुम्ही यायच्या आधींच्या बाजारांत विकला होता. थोरलीची कॉलेजची फी भरायची होती. तुम्ही ज्याला थोपटलंत तो शेजाऱ्यांचा, पेरणीपुरता वारंगुळ्यानं आणलेला.” त्यांच्या बोलण्यांत उपहास नव्हता; त्यामुळेंच तें अधिक लागलें. मागल्या दिवाळींत चार दिवस आम्ही त्या घरीं जेवलों, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, गोठ्यांत दोनदां जाऊन आलों. बैल कोणाचा, एवढेंच विचारलें नव्हतें.

तेव्हांपासून जनावरांवरील मराठी लेखन आम्ही एका कसोटीवर घासून पाहतों: तें जनावर काय खातें, काय काम करतें, आणि घरांतील कोणाच्या हाताशीं त्याचा संबंध येतो, हें लेखकाला ठाऊक आहे काय?

साने गुरुजींच्या भाबडेपणाला हंसण्याची पद्धत सुशिक्षितांत आहे. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेल्या ‘श्यामची आई’त मोऱ्या गाईवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत भावना ओथंबून वाहते, कांहीं ठिकाणीं अति वाहते, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु ती गाय दूध देणारी गाय आहे, आणि त्या घरांत ती आईच्या हाताला सरावलेली आहे. कसोटीला ती उतरते. बहिणाबाई चौधरींची गोष्ट याहून सरळ. १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं. त्यांत पोळ्याचें गाणें आहे, व तें शेतकऱ्याला उद्देशून आहे. आपण, म्हणजे वाचक, त्या बोलण्यांत नुसते जवळ उभे असतों. या अगत्याच्या अभावाचें आम्हांस फार समाधान वाटतें.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तींतील मास्तर गांवांत बाहेरून येतो, म्हणजे एका अर्थानें तोही पाहुणाच. परंतु तो सुटी घालविण्यास आलेला नाहीं, नोकरीवर आलेला आहे, आणि धनगरांच्या मुलांना शाळेंत बसवावयाचें तर मेंढरांमागें कोण जाणार हा प्रश्न त्याला प्रथम सोडवावा लागतो. मेंढरूं येथें शोभेसाठीं नाहीं. शाळेच्या हजेरीपटावर त्याचा अंमल चालतो. दुष्काळ पडतो तेव्हां चारा संपतो, आणि वाडी ओस पडते. हा कार्यकारणभाव माडगूळकर एकही उसासा न टाकतां मांडतात.

पण ज्या पुस्तकाकडे हा लेख प्रारंभापासून ओढ घेत आहे, तें आनंद यादवांचें ‘गोतावळा’. तें १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. कागलकडच्या बोलींत आरंभापासून अखेरपर्यंत लिहिलेली ही कादंबरी नारबा नांवाचा सालगडी सांगतो. त्याला ना बायको, ना मूल. मालकाच्या मळ्यावरील जनावरें हाच त्याचा गोतावळा. आपल्या सुशिक्षित घरांत हा शब्द लग्नकार्याच्या याद्या करतांना निघतो. यादवांनीं तो गोठ्यांत नेऊन ठेवला, व तेथें तो अलंकार म्हणून न वापरतां शब्दशः वापरला. नारबाचें जनावरांवर प्रेम आहे असें म्हणणें अपुरें आहे. तो त्यांचें शेण काढतो, त्यांना पाणी दाखवितो, त्यांचें माजावर येणें व विणें पाहतो, आणि त्यांच्या भरल्या संसाराकडे पाहतांना स्वतःच्या रित्या आयुष्याची त्याला जाणीव होते. हें सर्व स्पष्टपणें लिहिलेलें आहे. कांहीं घरांत तें मुलांच्या हातीं देतांना वडीलधारे कचरतील. कचरूं नये, असें आम्हांस वाटतें. मग मालक ट्रॅक्टर आणतो. एक एक करून जनावरें मळ्यावरून जातात, आणि शेवटीं नारबा एकटा उरतो. जनावरांबरोबर त्याचेंही काम गेलेलें असतें.

या कादंबरींत एक उणीव आम्हांस जाणवते. बैलजोडी बारा महिने खाते व कामाला मोजके दिवस लागते, हा मालकाचा हिशेब आपणांस नारबाच्या कानांतून तुटक तुटक ऐकूं येतो. तो हिशेब दुष्टपणाचा नव्हता; आमच्या बंधूंनींही तोच केला होता. मालकाची बाजू नीट उभी राहती तर नारबाचें दुःख अधिक अवघड, अधिक खरें झालें असतें. परंतु सालगड्याच्या तोंडून कथा सांगावयाची म्हटली कीं मालकाच्या माडीवरचें बोलणें ऐकूं येणार नाहीं, ही किंमत यादवांनीं जाणून दिली असावी.

एक लहानशी पुरवणी. हल्लीं शहरांतील कुटुंबें गांवीं जातांना आपला पाळीव कुत्रा बरोबर नेतात. लळ्याचें जनावर आणि कामाचें जनावर हे दोन निराळे संसार आहेत, हें मुलांना तेथें कळावयास हरकत नाहीं. घरचा कुत्रा पलंगावर झोंपतो व गांवचा कुत्रा रात्रभर खळें राखतो. आमच्या नातवानें मागल्या खेपेस विचारलें कीं वाड्यावरच्या कुत्र्याचा बिछाना कोठें आहे. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बंधूंनीं त्याला कोपऱ्यांतील राखेचा ढीग दाखविला.

सर्जाची दावण अजून तेथेंच आहे. गोठ्याच्या त्या भागांत आतां आमची मोटार उभी राहते, आणि ती बाहेर काढतांना प्रत्येक दिवाळींत जमिनींतील खुंट्याला चाक अडतें. तो उपटून टाकूं का, असें बंधूंनीं यंदा विचारलें. आम्हीं राहूं द्या म्हटलें.