जुनी पुस्तके आणि हवाई युद्धाचे सत्य

युद्धविषयक वाङ्मयाकडे पाहण्याची आपल्या टीकाकारांची दृष्टी आजवर काहीशी उपेक्षेचीच राहिली आहे. कादंबरी, काव्य नि नाटक ह्यांची चिकित्सा करताना जो काटेकोरपणा आपण दाखवितो, तो एखाद्या वैमानिकाच्या आठवणी किंवा एखाद्या स्क्वाड्रनचा इतिहास हाती आला की बाजूस ठेवितो. असली पुस्तके एक तर शाळकरी मुलांची मानली जातात, नाही तर अभिमानाच्या भरात डोळे मिटून वाचली जातात. दोन्ही प्रकारांत पुस्तकावर अन्याय होतो. आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्या माणसांवर त्याहून अधिक होतो.

कावेरीच्या मुखाकडील गावांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. तंजावरास महायुद्धकाळची धावपट्टी होतीच. २०१३ मध्ये तेथे हवाई दलाचे स्थानक सुरू झाले आणि जानेवारी २०२० मध्ये सुखोई विमानांची २२२ वी स्क्वाड्रन तेथे आली. भाताच्या खाचरांवरून तो गडगडाट गेला की वर पाहावेसे वाटते, आणि मग वाचावेसेही वाटते. परंतु ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तके नवी घ्यावयाची तर कारकुनाच्या पगारास ती परवडत नाहीत. कित्येक तर पुन्हा छापलीच गेलेली नाहीत. तेव्हा जुन्या बाजाराची वाट धरावी लागते. मद्रासचे मूर मार्केट १९८५ च्या आगीत गेले, तरी जुन्या पुस्तकांचा व्यवहार त्या शहरातून गेलेला नाही. मुंबईस फ्लोरा फाउंटनजवळचे पदपथ आहेत. निवृत्त माणसाचे घर आवरले जाते, कपाट रिकामे होते, आणि कुण्या ग्रंथालयाचा ‘रद्द’ शिक्का मिरविणारा एखादा ग्रंथ पाकशास्त्र नि जुनी पंचांगे ह्यांच्या शेजारी येऊन बसतो.

ह्या जुन्या पुस्तकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग आठवणींचा. फ्रेंच वैमानिक क्लोस्टरमान ह्याचे १९४८ मधील पुस्तक किंवा जर्मन सेनानी गालांड ह्याचे १९५३ मधील पुस्तक ह्या वर्गात मोडते. त्यांतील वेग, थंडी, भय आणि मित्राची रिकामी खुर्ची ह्यांविषयी जे लिहिले आहे ते अस्सल असते. शत्रूची किती विमाने पाडली ह्याविषयीचे मात्र तपासून घ्यावे लागते. हा खोटेपणाचा आरोप नव्हे. ताशी शेकडो मैलांच्या वेगात, काही क्षणांच्या झुंजीत, धूर सोडीत खाली गेलेले विमान पडले की निसटले हे पाहण्यास कोणी थांबत नाही. एकच विमान दोघांच्या नावावर चढते ते ह्यामुळे. दुसरा वर्ग अधिकृत किंवा अर्धअधिकृत इतिहासांचा. त्यांत तारखा भरवशाच्या असतात, पण स्वपक्षाचे अपयश सरकारी भाषेच्या घडीत नाहीसे होते. तिसरा वर्ग उशिरा आलेल्या संशोधकांचा. दोन्ही बाजूंच्या नुकसानीच्या नोंदी समोरासमोर मांडून ते निर्णय देतात. जगन मोहन आणि समीर चोप्रा ह्यांचा १९६५ च्या हवाई युद्धावरील २००५ मधील ग्रंथ ह्या वर्गातील आहे.

कोणी म्हणेल, तिसरा वर्ग हाती असता पहिल्या दोहोंवर पैसे का घालवावेत? ह्याचे उत्तर एका माणसाच्या कथेत आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्याच्या विमानतळावर आपल्या मिस्टेअर विमानांनी छापा घातला. त्यांतील स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हा कूर्गचा वैमानिक परतला नाही. त्याचे काय झाले हे सोबत्यांपैकी कोणी पाहिले नव्हते. दप्तरी तो बेपत्ता राहिला. पुढे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर ह्या इंग्रज लेखकाचा त्या युद्धावरील ग्रंथ निघाला. तो पाकिस्तानी हवाई दलाच्या साहाय्याने लिहिलेला, आणि त्याचा कल कोणीकडे आहे हे कोणासही कळावे असा. परंतु त्याच ग्रंथात त्या दिवशी एक पाकिस्तानी स्टारफायटर विमान मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत पडल्याची हकीकत आली होती. तो मिस्टेअरचा वैमानिक देवय्यावाचून दुसरा कोण असणार? छाप्याचे नेतृत्व करणारे तनेजा ह्यांनी हा धागा धरला, आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यास मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. आपल्या माणसाचा पराक्रम आपल्या कागदांत नव्हता. तो प्रतिपक्षाच्या पुस्तकात होता. ‘पक्षपाती’ म्हणून ते पुस्तक कोणी उघडलेच नसते, तर?

तंजावरात राहणाऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसाने १८०३ मध्ये कोरविलेले भोसलेवंशाचे चरित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परमुलखात मराठी अक्षरांची ती भिंत पाहून ऊर भरून येतो, आणि यावाच. पण इतिहास लिहिणारा त्या भिंतीशी थांबत नाही. अन्य साधनांशी ताडून पाहिल्यावाचून तो त्यातील वाक्य उचलीत नाही. स्वतः सरफोजींनी सरस्वती महालात केवळ आपल्या घराण्याची कीर्ती साठविली नाही. युरोपातून वैद्यक, शास्त्र, प्रवास अशा विषयांचे ग्रंथ आणविले नि आपली सही करून ठेविले. शिलालेख नि ग्रंथालय, दोन्ही एकाच राजाची. त्यांपैकी अनुकरण कशाचे करावे, हे आपण ठरवावयाचे आहे.

मराठी वाचकापुरते पाहावयाचे तर निवड आपण उलटी केलेली दिसते. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपल्याकडे शेकडो वेळा छापली गेली; तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. उलट मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात खरोखर लढाऊ विमान घेऊन फ्रान्सच्या आकाशात गेला आणि जून १९१८ मध्ये तेथेच प्राणास मुकला. त्याचे नाव किती मराठी घरांत ठाऊक आहे? काल्पनिक उड्डाणाचा अभिमान बाळगणे सोपे असते, कारण त्यात कोणी मरत नाही नि काही तपासावे लागत नाही.

म्हणून जुने पुस्तक घेताना दोनच गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत आहे. एक, परिशिष्टे नि नकाशे शाबूत आहेत काय. कारण पुष्कळदा चित्रे राहतात आणि नुकसानीच्या याद्या फाटून जातात, नि सत्य त्या याद्यांत असते. दुसरे, ज्या युद्धाचे एका बाजूचे पुस्तक घरी आहे, त्याच युद्धाचे दुसऱ्या बाजूचे मिळते काय. कार्तिकातील पावसाने ह्या प्रदेशात कागदास बुरशी येते, कसर लागते. तेव्हा ती जोडी उन्हे दाखवून जपावी लागेल. पण एकट्या पुस्तकावर विश्वास ठेवणे आणि एकाच बाजूची साक्ष घेऊन प्रकरण निकालात काढणे ह्यांत फरक नाही. कचेरीत असे टिपण आपण वर पाठविणार नाही. वाचनात तरी ते का चालवून घ्यावे?